थाप, तवा, आर, टोपली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खाटेची नवार ताणणं. मी खाली बसून पट्टी ओढायची आणि हौसानं वरून गुडघा देऊन ती धरायची, हे आमचं लग्नापासून ठरलेलं. त्या दिवशीही तसंच. ती म्हणाली, "आवं, जोर लावा की. जेवला न्हाई का?" मी म्हणालो, "तू सोडू नको म्हंजे झालं." खाट ताठ झाली. तिनं हातानं थोपटून बघितली, बरी झाली म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसली. तासाभरानं चहाला हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. दुखणं नाही, खुपणं नाही, औषधाची एक गोळी घरात नाही. मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आणि छातीचा अधू, म्हणजे जायची पाळी माझी होती. तिनं रांग मोडली.

आमच्या कॉलनीतले वाचनालयवाले दिवाळी अंक काढतात. त्यांचे कदम गुरुजी दहाव्याला आले तेव्हा म्हणाले, "म्हादबा, यंदा तुमच्या कामाबद्दल लिहा. मन रमेल." मन रमवायला मी लिहीत नाही. मी लिहितोय कारण एक गोष्ट पंचवीस-तीस वर्षं चुकीच्या नावावर पडली आहे आणि ती दुरुस्त करायची आहे. गुरुजींना म्हणालो, "लिहितो, शुद्धलेखन तुमचं, पण हौसाचं नाव कुठं कापायचं नाही."

मी सातवी पास. माणमधलं मेंढरं राखणारं आमचं घर. गावातले बाकीचे मुंबईला गेले, मी साताऱ्याला फौंड्रीत लागलो. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचा कारखाना. ओतलेली वस्तू साच्यातून निघते तेव्हा तिला वाळू चिकटलेली असते आणि कडेला लोखंडाची शेपटं आलेली असतात. ती तोडायची, घासायची, वस्तू साफ करायची. त्याला फेटलिंग म्हणतात. तोंडाला फडकं बांधून मी ते अकरा वर्षं केलं. घरी आलो की हौसा माझा सदरा अंगणात झटकायची, तर जमिनीवर वाळूची रांगोळी पडायची.

मग जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरनी छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि मला विचारलं, "पोरंबाळं किती?" ज्या डॉक्टरला पोरांची चौकशी करावी वाटते त्याचं पुढचं वाक्य बरं नसतं. म्हणाले, "आणखी दोन-तीन वर्षं त्या धुळीत काढलीस तर घरात खाट धरशील."

त्याच सुमारास कारखान्यात कॉम्प्युटरची खोली झाली. पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. गार हवा, काचेचं दार, चपला बाहेर. धुळीचा एक कण आत चालायचा नाही म्हणून पुसायला माणूस पाहिजे होता. मला धुळीतून काढलं आणि धूळ पुसायला ठेवलं. माझा जीव वाचला तो असा. त्या खोलीत पुण्याहून आलेले रानडे साहेब एकटे बसायचे. वय सत्तावीस-अठ्ठावीस, हुशार, बोलायला गोड, पण कुणी आवाज चढवला की गप होणारे. महिनाभरात त्यांनी मला कोणतं बटण कधी दाबायचं ते शिकवलं, कारण ते सारखे आमच्या भाषेत दुकानात, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, जायचे आणि मागं मशीन बघायला कुणी नसायचं. वर्षभरात मी जॉब चालवायला लागलो.

जॉब म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगतो. उसाच्या चरकाचं घ्या. ऊस पिळणारे लोखंडी रूळ दोन्ही बाजूंनी धरून ठेवायला एक अवजड ओतीव सांगाडा असतो. त्याला आम्ही कमान म्हणायचो. रानडे साहेब कमानीचं चित्र पडद्यावर काढायचे आणि त्याचे हजारो बारके तुकडे पाडायचे. रुळाचा जोर एका तुकड्यावर आला की तो शेजाऱ्याला ओढतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. सगळ्यांची ओढाताण एकाच वेळी जुळेपर्यंत मशीन गणित करत राहतं. ते गणित करणारा जो प्रोग्राम, तो सॉल्व्हर. गणित जुळलं की चित्रावर रंग येतात. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे इथं तडा जाणार. लोखंड न ओतता, न फोडता, कमान कुठं फुटेल ते आधीच कळायचं. मी अकरा वर्षं फुटलेली कास्टिंगं, म्हणजे ओतीव वस्तू, उचललेली, त्यामुळं पहिल्यांदा तो लाल ठिपका बरोबर जागी बघितला तेव्हा पडद्याला हात जोडले होते. रानडे साहेब हसले होते.

माझी पहिली मोठी चूक अक्षरांची. साहेबांनी एका जॉबला नाव दिलं होतं 'rib1', म्हणजे कमानीला बळकटी देणारी पहिली फासळी, आणि दुसऱ्याला 'ribl', म्हणजे डावी. त्या पडद्यावर बारका एल आणि एक आकडा सख्खी जुळी भावंडं. मी दोन्ही एकाच नावानं लावले. दुसऱ्यानं पहिल्याचं उत्तर पुसून स्वतःचं लिहिलं आणि आठवडाभर साहेब एकाच फासळीचं चित्र दोनदा बघत डोकं खाजवत बसले. मी कबूल केलं. म्हणालो, "साहेब, मला आकड्यावरून जनावर ओळखता येत न्हाई. घरी दोनशे मेंढरं हुती, येकाचं नाव दुसऱ्याला दिलं न्हाई."

त्या दिवसापासून आमच्या जॉबना मेंढरांची नावं. बांडी, काजळी, खैरी, लवंगी, टिकली, मोरी, अशी नऊ. साहेबांनी ती इंग्रजी अक्षरांत एका कार्डावर लिहून दिली, ते कार्ड मी खिशात ठेवायचो. एकदा हेड ऑफिसचे कुणी साहेब आले असताना मी आत जाऊन सांगितलं, "साहेब, काजळी मेली." ते पाहुणे बिचारे उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "फार वाईट झालं, तुम्ही घरी जा."

आता मुख्य गोष्ट.

सांगलीला चरक बनवणारे एक मगदूम अण्णा होते. आमच्याकडून कमानी ओतून घ्यायचे. आदल्या गळीत हंगामात त्यांच्या दोन कमानी आतल्या कोपऱ्यात तडकल्या होत्या. साखर कारखाना मधेच बंद पडला, ऊस गाड्यांवर वाळला आणि अण्णांना लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. त्यांनी आमच्या मोठ्या साहेबांना, म्हणजे वर्क्स मॅनेजरना, सरळ सांगितलं: या खेपेला कमान कशी करायची ते शनिवारी सकाळी माझ्या पॅटर्नवाल्या, म्हणजे साच्याचा लाकडी नमुना करणाऱ्या, सुताराच्या हातात पाहिजे, नाहीतर मी काम दुसरीकडं टाकतो. फासळीची तीन जाडी आणि जोराचे तीन प्रकार, असे मिळून नऊ जॉब. सोमवारी चित्रं तयार झाली.

आमच्याकडं मशीन दोन. एक जॉब एकटा चालवला तर साडेचार तास. मशीन चालवायची वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सहा. रात्री का नाही, असं तुम्ही म्हणाल. रात्री आसपासची शेडं बंद झाली की विजेचा दाब इतका चढायचा की दोन पडदे जळाले होते. तेव्हापासून सहाला सगळं बंद, असा मोठ्या साहेबांचा हुकूम. आणि गुरुवारी आमच्या एमआयडीसीला विजेची सुट्टी. म्हणजे हातात मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार.

मंगळवारी सकाळी रानडे साहेब म्हणाले, "म्हादबा, एकेक करत बसलो तर शुक्रवार उजाडेल, मग रंग तपासायला वेळ नाही. मशीनला एका वेळी पुष्कळ कामं करता येतात. नऊच्या नऊ लावा."

मी विचारलं, "झेपंल का?"

"झेपेल. प्रत्येक जरा हळू चालेल इतकंच."

लावल्या. एकावर पाच, दुसऱ्यावर चार. अर्ध्या तासात मशीनच्या पोटातून खरवडल्यासारखा आवाज यायला लागला. मशीनची आठवण ठेवायची जागा थोडी. तिच्यात एक जॉब पुरता बसायचा. पाच घातल्यावर ते एकाचा पसारा उचलून डिस्कवर टाकायचं, दुसऱ्याचा आणायचं, जरा गणित करायचं, की पुन्हा उचलाउचल. काम थोडं, वाहतूक फार. दुपारी जेवायच्या सुट्टीला बघितलं तर नऊपैकी एकही रुपयात धड दहा पैसेसुद्धा झाला नव्हता. साहेबांना म्हणालो, आठ मारून एकच जगवू. ते म्हणाले, थांबू, वेग येईल. सहा वाजले. वेग आला नाही. मी हातानं दोन्ही मशीन बंद केली. नऊच्या नऊ गेल्या.

मोठे साहेब दारात उभे. पायातले बूट न काढता आत आले. "किती झाले?"

रानडे साहेबांनी काळ्या पडद्याकडं बोट केलं.

"ऑपरेटर कोण होता?"

रानडे साहेब खाली बघत राहिले. मीच म्हणालो, "मी हुतो."

"सातवी पास माणसाला या मशीनवर बसवलंच कसं?" ते रानडे साहेबांना म्हणाले, पण बघत माझ्याकडं होते. निघायच्या आधी माझ्या हातात टाइप केलेलं पत्र पडलं. शनिवारपासून फेटलिंगला हजर व्हावं. नऊ जॉब शुक्रवारपर्यंत झाले नाहीत तर खोलीच बंद, असं तोंडी.

घरी गेलो. हौसा चुलीपुढं होती. सवयीनं सदरा झटकायला हात पुढं केला, तर मी कागद दिला. तिला वाचता येत नव्हतं. मी सांगितलं. पिठाचा गोळा परातीत ठेवून थापत राहिली. मग म्हणाली, "झालं तरी काय? नीट सांगा."

मी सांगितलं. नऊ एकदम लावल्या, दोन्ही मशीनना पेललं नाही, सगळ्या कच्च्या राहिल्या.

"नऊ येकदम? आनि तुमचा साहेब शिकल्याला हाय व्हय?"

"पुण्याचा हाय."

"त्यांच्यात पोळ्या करत आसतील," ती म्हणाली. "आवं, तव्यावर येकच बसती. दोन टाकल्या तर दोनी कच्च्या. पन म्हनून काय मी येक भाकरी टोपलीत पडंस्तवर दुसरीचं पीठ मळत न्हाई का? हितं बगा. ही थापतीया, ती तव्यावर हाय, आन ती आराला लावलीया. येका वक्ताला तीन हायत. पन तव्यावर येकच."

मी बघितलं. एक परातीत अर्धी थापलेली, एक तव्यावर पाणी लावलेली, एक चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी, टम्म फुगलेली. रोज बघत होतो, पण त्या दिवशी दिसलं.

कारण मशीनचा आवाज माझ्या कानात बसलेला होता. जॉब लावला की पाऊण तास डिस्क टिकटिक करायची. ते तुकडे वाचत, त्यांना ओळीनं लावत असायचं. मग तीन तास आवाज बंद, नुसता पंखा. तेव्हा खरं गणित. शेवटी पाऊण तास पुन्हा खडखड, उत्तर लिहायचं. म्हणजे साडेचारमधले तीनच तास तव्यावरचे. आधीचे थापायचे, नंतरचे आराचे. एक तव्यावर असताना पुढची थापली, मागची आराला लावली, तर तवा एक मिनिटही रिकामा राहत नाही. मी बोटं मोजली. एका मशीनवर दिवसात दोनच होत होत्या, त्या तीन होतात. दोन मशीनच्या सहा. दोन दिवसांच्या बारा. पाहिजेत नऊ.

"हौसा," मी म्हणालो, "भाकरी वाढ."

बुधवारी सकाळी सहाला खोलीत गेलो. रानडे साहेब आधीच बसलेले, डोळे सुजलेले. मला बघून म्हणाले, "काल मी बोलायला पाहिजे होतं."

"ते ऱ्हाऊ द्या. जॉबचा पयला टप्पा येगळा चालीवता येतो का? नुसतं वाचायचं आन लावून ठेवायचं, गनित नंतर?"

"येतो. पण कशाला?"

मी सांगितलं. चुलीचं नाव घेतलं नाही, नुसते टप्पे सांगितले. ते फळ्याकडं गेले, खडू घेतला, इंग्रजीत तीन रकाने लिहिले. मी म्हणालो, "मला वाचता येईल असं लिवा," आणि खडू घेऊन मीच लिहिलं. थाप. तवा. आर. प्रत्येक मशीनला तीन रकाने. नियम एकच: तव्याच्या रकान्यात एका वेळी एक नाव.

त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत खोलीत मी पाखरासारखा उडत होतो. बांडी तव्यावर गेली की खैरी थापायला. बांडी आराला आली की खैरी तव्यावर, टिकली थापायला. नाव पुसायचं, पुढच्या रकान्यात लिहायचं. जॉब आपापसात भांडत नव्हते. पंखा एकसारखा. चार पुऱ्या झाल्या, पाचवी दुसऱ्या मशीनवर तव्यावर होती. सहावी मोरी, तासभर तव्यावर होती आणि अचानक मेली. पडद्यावर एक ओळ. साहेबांनी वाचली: जागा संपली. आधी झालेल्या जॉबची उत्तरं त्या मशीनच्या डिस्कवर पसरून बसली होती, मोरीला हातपाय हलवायला जागा नव्हती. पुन्हा लावायला वेळ उरला नव्हता. पाचवी तेवढी साडेपाचला पुरी झाली. सहाला बंद.

पाच झाल्या, चार राहिल्या. शुक्रवारला जमेल असं साहेब म्हणाले, पण मला ती मोरी खुपत होती. काहीतरी राहून गेलं होतं.

गुरुवारी विजेची सुट्टी. हौसा सकाळच्या भाकरी करायला बसली आणि मी तिच्यासमोर पाट घेऊन बसलो.

"काय बगताय?"

"तू कर."

"कवा भाकरी बगितली न्हाई का जलमात?"

"कर म्हनतो न्हवं."

"शेजारीन बगंल, म्हनंल म्हातारा येडा झाला." मी तेव्हा चाळिशीचा होतो. पण ती करत राहिली. थापली, टाकली, पलटली, आराला लावली. आणि पुढची तव्यावरून उचलायच्या आधी, न बघता, आरावरची भाकरी उचलून मागं टोपलीत टाकली. दर वेळी, न चुकता. आधी टोपली, मग पुढची आराला.

"ती टोपलीत आधी का टाकलीस?"

"न्हाईतर पुढची कुठं लावू? तुमच्या डोक्यावर?"

मी उठलो.

शुक्रवारी सकाळी फळ्यावर चौथा रकाना. टोपली. जॉब आराच्या टप्प्यातून निघाला की त्याचं उत्तर टेपवर उतरवायचं, टेप कपाटात, डिस्कवरून पुसायचं, आणि मगच मागचा आराला. साहेबांनी विचारलं, "हे सुचतं कुठून तुम्हाला?" मी "असंच" म्हणालो. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच म्हणालो.

साडेआठला मगदूम अण्णा सांगलीहून गाडी घेऊन हजर. पांढरी टोपी, पांढरा सदरा, कपाळावर घाम. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "रानडे साहेब, माझा सुतार म्हणतोय, फासळी जाड केली तर साचा निघायचा नाही. त्यापेक्षा आतला कोपरा गोल केला तर? दोन गोलाया काढून आणल्यात. ह्या पण बघा की."

रानडे साहेबांचा चेहरा उतरला. "अण्णा, चार राहिल्यात, त्यात दोन वाढल्या म्हणजे सहा. आज होणार नाहीत."

मी फळ्याकडं बघितलं. दोन मशीन, तीन-तीन. सहाच होतात. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. एक मेली तर संपलं.

"होत्यात," मी म्हणालो. "चित्रं तेवढी दहाच्या आत द्या."

अण्णा माझ्याकडं वळले. "तुम्ही कोण?"

"मी उद्यापासनं फेटलिंगला," मी म्हणालो. "आज हितं हाय."

नऊ मेंढरांची नऊ नावं संपलेली. नव्या दोघांना थोरलं कोकरू आणि धाकलं कोकरू म्हणालो. अण्णा सांगलीला परत गेले नाहीत. कोपऱ्यात बसून राहिले. ते जैन, कांदासुद्धा न खाणारे. पावणेअकराच्या सुमाराला मी आतून ओरडलो, "साहेब, काजळी आराला लावली, मोरी तव्यावर टाकली." अण्णा दचकले. जरा वेळानं मी म्हणालो, "काजळी टोपलीत. आता थोरलं कोकरू थापायला घेतो."

अण्णा उठून दाराशी गेले. चपला घालायला लागले. रानडे साहेब मागं धावले, "काय झालं अण्णा?"

"साहेब, धंदा धंद्याच्या जागी," अण्णा म्हणाले. "पण आमी असल्या ठिकाणी बसत न्हाई. गार खोलीत हे असलं शिजवताय, वर कोकरू म्हणताय. आमच्या घरात कळलं तर मला आंघोळ करून आत घेतील."

साहेबांना हसू आवरेना, बोलता येईना. मीच फळा दाखवला. एकेक नाव वाचून दाखवलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, चपला पुन्हा काढल्या, आणि मग दिवसभर स्वतःच विचारत राहिले, "मोरी उतरली का हो? कोकरू थापलं का?"

दुपारी एकदा दिवे लुकलुकले. बॅटरीवर दहा मिनिटं निघायची. चार मिनिटांनी वीज आली. त्या चार मिनिटांत मला फेटलिंगच्या शेडचा घासायचा आवाज काचेतून स्वच्छ ऐकू येत होता. एरवी येत नसे.

पावणेपाचला चार टोपलीत. दोन्ही कोकरं आराला. सव्वापाच. साडेपाच. पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि आम्ही तिघं पुढं उभे. पाच पस्तीसला दोन्ही संपली. साहेबांनी चित्र उघडलं. आधीच्या नऊ चित्रांत आतल्या कोपऱ्यात लाल होतंच, फासळी कितीही जाड केली तरी. थोरल्या कोकरात नारिंगी. धाकल्यात पिवळं, आणि तेही फिकं. जाडी वाढवायची नव्हतीच. कोपरा गोल करायचा होता. अण्णांच्या सुताराचं बरोबर होतं आणि ते लोखंड न ओतता कळलं.

मोठे साहेब आले. या खेपेला बूट दाराबाहेर काढले. चित्र बघितलं, फळा बघितला. "हे काय? तवा, टोपली?"

रानडे साहेबांचा आवाज मी पहिल्यांदा मोठा ऐकला. "सर, मंगळवारी चूक माझी होती. मी सगळे एकदम लावायला सांगितले. आणि ही पद्धत म्हादबांची आहे."

मोठे साहेब माझ्याकडं वळले. "ते पत्र आण इकडं." मी दिलं. त्यांनी घडी घातली आणि स्वतःच्या खिशात टाकलं. "उद्या इथंच ये."

अण्णांनी गाडीतून शाल आणि नारळ आणला. सुतारासाठी आणला होता म्हणे, तो मला दिला. "डोकं आहे हो तुमचं," म्हणाले. मी शाल अंगावर घेतली आणि मान डोलावली. त्या कमानी पुढं किती हंगाम चालल्या ते अण्णांनी दर पाडव्याला फोन करून सांगितलं. एकही तडकली नाही. ती पद्धत आमच्या कंपनीच्या दुसऱ्या दोन कारखान्यांत गेली, छापील कागदावर, आणि कागदावर नाव कंपनीच्या माणसाचंच पाहिजे म्हणून माझं. इंग्रजी मजकुरात मधेच 'थाप' आणि 'तवा' अशीच अक्षरं. मी निवृत्त होईपर्यंत नवे इंजिनिअर येऊन म्हणायचे, "म्हादबा, हा जरा आराला लावा." त्यांना आर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. काम मात्र चोख करायचे.

पण त्या शुक्रवारी संध्याकाळी घरी शाल घेऊन गेलो. हौसानं ती हातात घेऊन कड बघितली. "बरी हाय. कशाबद्दल?"

मी सांगितलं.

"मंग सांगितलंसा का, कुनाचं हाय ते?"

"न्हाई."

ती रागावली नाही. तेच वाईट. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पन मला ती खोली तरी दावा. वरीस झालं तुमच्या सदऱ्यातनं वाळू निघंना, कुठं बसताय ते बगू तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन गेलो. फाटकावरच्या रखवालदारानं विचारलं, "मंडळी कुठं?" मी म्हणालो, "कामावर." फेटलिंगच्या शेडवरून गेलो, तिनं नाकाला पदर लावला. खोलीच्या दाराशी दोघांनी चपला काढल्या. रानडे साहेब उठून उभे राहिले.

"साहेब," मी म्हणालो, "काल शाल बगून माझी जीभ आडकली. थाप, तवा, आर, टोपली हे माझं न्हाई. हे हिचं हाय. ही हौसा."

"काय बाई बोलाय लागलायसा," हौसा म्हणाली आणि साहेबांकडं बघेना. साहेबांनी स्वतःची खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. फळ्यापुढं जाऊन उभी राहिली. मी तिला रकाने वाचून दाखवले. तिनं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, खडू बोटाला लागला. मग मशीनकडं वळली आणि त्याच्या पाठीवर तळवा ठेवला.

"कोमट हाय की."

"सात वाजल्यापासनं चालू हाय."

"तव्यावर कोन हाय?"

फळ्यावर सगळे रकाने रिकामे होते. "कोन न्हाई," मी म्हणालो. "कालचं काम झालं न्हवं."

"तापल्याला तवा मोकळा ठेवलाय?" ती म्हणाली. "टाका की पुढची."

रानडे साहेबांच्या टेबलावर एका पंपाचं काम येऊन पडलं होतं. मी खुर्ची ओढली, खिशातलं कार्ड काढलं आणि पुढची टाकली.